कव्हरेज शंभर टक्के, तरीही बग निसटतो: चाचणी नेमकं काय तपासते?

घाटमाथा

टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या आणि टेस्टिंगवर विसंबून असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतोय. हल्ली बऱ्याच प्रोजेक्टांत करारातच लिहिलेलं असतं की कव्हरेज, म्हणजे चाचण्या चालवताना कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालला याचं प्रमाण, अमुक टक्क्यांच्या वर हवं. रिलीजच्या आदल्या दिवशी डॅशबोर्ड हिरवा दिसला की साइन-ऑफ मिळतो. त्या हिरव्या रंगाचा अर्थ काय लावायचा, यावर नीट बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक उदाहरण घेतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. घरगुती वीजबिल. पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० त्याहून चढ्या दराने, ३०१ ते ५०० आणखी चढ्या आणि ५०० च्या पुढची सर्वांत महाग. महाराष्ट्रात वीजबिल भरणाऱ्या प्रत्येकाला हे टप्पे माहीत आहेत. याचा प्रोग्राम म्हणजे तीन ‘जर’ आणि एक ‘नाहीतर’. मी ५०, २००, ४०० आणि ६०० युनिटं देऊन चार चाचण्या लिहिल्या, तर प्रत्येक ओळ चालते आणि प्रत्येक अट एकदा खरी, एकदा खोटी ठरते. ओळींचं कव्हरेज शंभर, शाखांचंही शंभर.

आता पहिल्या अटीत कोणाच्या तरी हातून १०० ऐवजी १०१ पडलं असं धरा. १०१ युनिटं वापरणाऱ्याचं शेवटचं युनिट स्वस्त दराने जाईल. चारही चाचण्या पास आणि कव्हरेज जसंच्या तसं. याहून वाईट प्रकार मी कोड रिव्ह्यूत पाहतो: चाचणी प्रोग्राम चालवते, पण शेवटी फक्त ‘बिल शून्यापेक्षा जास्त आहे ना’ एवढंच विचारते. तिथे दर उलटसुलट झाले तरी कुणाला पत्ता लागणार नाही, कारण ओळ चालली होती, उत्तर कोणी पाहिलंच नव्हतं.

१९६९ साली रोमला नाटोची सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर परिषद झाली होती. तिथे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी सांगितलं की चाचणीने बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. पन्नासहून अधिक वर्षं झाली, त्यात तसूभरही फरक पडलेला नाही. दोन ३२ बिटी पूर्णांकांची बेरीज घ्या. सगळ्या जोड्या तपासायच्या तर सेकंदाला १०० कोटी जोड्यांच्या वेगाने ५८० वर्षांहून जास्त काळ लागेल. ही साधी बेरीज झाली. म्हणजे आपण कायम निवड करत असतो आणि चांगला टेस्टर ओळखायचा तो या निवडीवरून.

माझं मत आधीच मांडून ठेवतो. चाचणीला विचारायचा प्रश्न असा: कोडमध्ये कोणता बदल झाला असता तर तू ओरडली असतीस? जिच्याकडे याचं उत्तर नाही, ती चाचणी संख्येत धरू नये. तुमचे अनुभव आणि विरोधी मतं दोन्ही येऊ द्या.

सह्यकडा

धागा आवडला. यात एरियान ५ हे युरोपीय रॉकेट यायलाच हवं, आणि ‘ओव्हरफ्लो झाला आणि रॉकेट फुटलं’ एवढ्यावर थांबता कामा नये, कारण ती गोष्ट मुळात टेस्टिंगची आहे.

४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. एरियान ५ चं पहिलंच उड्डाण. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर, रॉकेट वाट सोडून वळलं, तुटलं आणि त्याचा स्फोट झाला. सोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह गेले. जॅक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं आणि जुलैमध्येच अहवाल आला. टेस्टिंगमधल्या प्रत्येकाने तो एकदा सावकाश वाचावा.

दिशा आणि वेग सांगणारी प्रणाली एरियान ४ वरून उचललेली होती. आडव्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंटमधून (दशांश आकड्यातून) १६ बिटी चिन्हांकित पूर्णांकात बदलला जायचा. १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. एरियान ४ च्या मार्गावर तो आकडा तिथवर जाऊच शकत नव्हता. एरियान ५ चा आडवा वेग सुरुवातीलाच कितीतरी जास्त होता, तिथे तो गेला. अशा धोक्याचे सात आकडे टीमने ओळखले होते, त्यांपैकी चारांना संरक्षण दिलं आणि तीन तसेच ठेवले. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, म्हणून विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता तो. राखीव प्रणालीत तेच सॉफ्टवेअर. ती आधी बंद पडली आणि पाठोपाठ मुख्यही. मुख्य संगणकाला मग बिघाडाचा तपशील सांगणारे बिट मिळाले, ते त्याने उड्डाणाची माहिती समजून वाचले आणि नोझल पूर्ण वळवले.

आणि ज्या भागात हे घडलं, त्याचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. एरियान ४ ला काउंटडाउन मध्येच थांबलं तर पटकन पुन्हा सुरू करता यावं, म्हणून ते गणित उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवायचे. एरियान ५ ला ती गरज नव्हती, पण तो भाग तसाच राहिला.

आता आपल्या कामाचा मुद्दा. पूर्ण रॉकेटच्या एकत्रित चाचण्यांमध्ये ही प्रणाली खरी जोडलेलीच नव्हती. तिच्या जागी तिची नक्कल करणारं सॉफ्टवेअर होतं, कारण प्रणाली स्वतंत्रपणे तपासून झालेली आहे असं मानलं गेलं. आणि स्वतंत्र तपासणीच्या आवश्यकतांमध्ये एरियान ५ च्या मार्गाचे आकडे समाविष्ट नव्हते. अपघातानंतर खरं सॉफ्टवेअर त्या उड्डाणाच्या आकड्यांवर जमिनीवरच चालवलं, तेव्हा सगळी साखळी हुबेहूब पुन्हा घडली. म्हणजे ती चाचणी करता येण्यासारखी होती. करावी असं कोणाच्या यादीत नव्हतं.

माझ्या लेखी यातून मॉकबद्दल प्रश्न उभा राहतो. युनिट टेस्टमध्ये आपण रोज खरा डेटाबेस आणि खरी सेवा बाजूला काढून मॉक, म्हणजे त्यांची नक्कल, लावतो. मॉक म्हणजे त्या सेवेबद्दलची आपली समजूत. समजूत जुनी झाली तरी मॉक तक्रार करत नाही. मॉक लावावेतच, वेगासाठी ते लागतात. पण प्रत्येक मॉकमागे, खऱ्या वस्तूशी तो अजून जुळतो का हे पाहणारी निदान एक चाचणी कुठेतरी हवीच.

उंबरठा

सह्यकडा, अहवालाचा सारांश फार छान मांडलात.

घाटमाथा, एका बाबतीत मात्र असहमत. कव्हरेजचा गैरवापर होतो म्हणून कव्हरेजच निरुपयोगी ठरत नाही. विमानातल्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८ हे मानक लागू असतं. १९९२ च्या ‘बी’ आवृत्तीत सर्वांत वरच्या पातळीसाठी, म्हणजे ज्या बिघाडाने विमानच पडू शकतं त्या सॉफ्टवेअरसाठी, एमसी-डीसी नावाचं कव्हरेज मागितलं आहे. अटीत पाच भाग असतील तर प्रत्येक भाग एकट्याने निकाल फिरवू शकतो हे दाखवायचं. पाच भागांच्या सगळ्या जोडण्या ३२ होतात, एमसी-डीसीला साधारण सहा चाचण्यांत काम भागतं.

पण खरी मेख पुढे आहे. त्या मानकात चाचण्या कोड पाहून लिहायच्या नसतात. आवश्यकता, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते, वाचून लिहायच्या आणि मग त्या चालवून कव्हरेज मोजायचं. एखादी ओळ न चाललेली सापडली, तर तीन शक्यता: आवश्यकता लिहायची राहिली, चाचणी लिहायची राहिली, किंवा ती ओळ कोडमध्ये असायलाच नको होती. तिन्ही बातम्या मोलाच्या आहेत. एरियानच्या त्या नको असलेल्या गणिताला हाच प्रश्न कोणी विचारला असता तर!

आपल्याकडे उलटं चालतं. न चाललेली लाल ओळ दिसली की तिला हिरवं करण्यापुरती चाचणी लिहितात. मापन तेच, पण माहिती शून्य.

घाटमाथा

उंबरठा, पूर्ण मान्य. ‘आवश्यकतेवरून चाचणी, कोडवरून कव्हरेज’ हा क्रम इतका स्पष्ट मी कुठे वाचला नव्हता. टीममध्ये हा मुद्दा मांडणार आहे.

पाऊलवाट

मूळ धाग्यातला प्रश्न, ‘कोणता बदल झाला असता तर तू ओरडली असतीस’, हा म्यूटेशन टेस्टिंगचा पाया आहे. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ साली तो व्यवस्थित मांडला. कोडमध्ये मुद्दाम एकच बारीक बदल करायचा: ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’, अधिकच्या जागी वजा, १०० च्या जागी १०१. प्रत्येक बदललेली प्रत म्हणजे एक म्यूटंट. चाचण्या चालवायच्या. एक जरी फेल झाली तर म्यूटंट मेला. सगळ्या पास झाल्या तर तो जिवंत राहिला, म्हणजे ती जागा कोणी तपासत नाही. यामागे दोन गृहीतकं आहेत: प्रोग्रामर बहुतेक वेळा बरोबर उत्तराच्या जवळपासच चुकतो, आणि बारीक चुका पकडणाऱ्या चाचण्या मोठ्या, एकमेकींत गुंतलेल्या चुकाही बऱ्याच अंशी पकडतात.

वीजबिलाचं उदाहरण यासाठी फार सुंदर आहे, कारण त्यात एक सापळा लपलेला आहे. पहिल्या अटीत ‘१०० किंवा कमी’ असेल आणि म्यूटंटने ते ‘१०० पेक्षा कमी’ केलं, तर काय होईल? आता १०० युनिटं दुसऱ्या फाट्यात जातील. तिथलं गणित: पहिली १०० स्वस्त दराने, अधिक उरलेली शून्य युनिटं महाग दराने. उत्तर तेच! १०० वर चाचणी असो वा नसो, हा म्यूटंट कधीच मरणार नाही, कारण तो मूळ प्रोग्रामहून वेगळा वागतच नाही. याला समतुल्य म्यूटंट म्हणतात. दिलेला म्यूटंट समतुल्य आहे की नाही हे दर वेळी हमखास ठरवून देणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणून म्यूटेशनचा आकडा शंभरवर नेण्याचा हट्ट कोणी धरू नये. नाहीतर कव्हरेजचीच कथा पुन्हा सुरू होईल.

१०० चं १०१ करणारा म्यूटंट मात्र खरा आहे आणि तो फक्त १०१ वरच्या चाचणीत मरतो. ५०-२००-४००-६०० चा संच त्याला हात लावू शकत नाही.

आता दिल्लीची सवलत पाहा. ऑगस्ट २०१९ पासून तिथे २०० युनिटांपर्यंत बिल शून्य, आणि २०१ ते ४०० ला निम्मी सवलत, ८०० रुपयांच्या मर्यादेत. इथे २०० वरून २०१ वर गेलात की बिलात उडी आहे. त्यामुळे ‘किंवा समान’ गळलं तर बरोबर २०० युनिटं वापरणाऱ्याला शून्याऐवजी प्रत्यक्ष बिल येईल. तोच म्यूटंट, तीच अट, पण इथे तो समतुल्य नाही. सीमेवरच्या चाचण्या लिहाव्यात हे सगळे शिकवतात. सीमेच्या दोन्ही बाजूंनी गणित जुळतं की उडी मारतं, हे आधी कागदावर काढून पाहावं हे फारसं कोणी शिकवत नाही. मला तरी टेस्टरचं खरं काम तिथे दिसतं.

अनुस्वार

इतकी मेहनत घेऊन लिहिलंत, धन्यवाद पाऊलवाट. मी जिथे अडते तो प्रश्न विचारते. १०१ युनिटांचं बरोबर बिल किती, हे चाचणीला कोण सांगणार?

उंबरठा

अनुस्वार, या प्रश्नाला ओरॅकलचा प्रश्न म्हणतात. ओरॅकल म्हणजे बरोबर उत्तर कोणतं हे सांगणारा आधार. एलेन वेयुकर यांनी १९८२ साली अशा प्रोग्रामांवर लिहिलं ज्यांचं बरोबर उत्तर आधी कोणाला ठाऊकच नसतं, किंवा ते काढणं व्यवहारात अशक्य असतं. हवामानाचं अनुमान, पुलावरचा ताण, शोधयंत्राचे निकाल. उत्तर माहीत असतं तर प्रोग्राम लिहिला कशाला असता?

वीजबिलात निदान दरपत्रक आहे, नियामक आयोगाचा आदेश आहे. पण तिथेही वाचन उशिरा झालं आणि बिल ४५ दिवसांचं निघालं, तर टप्पे १५०, ४५०, ७५० धरायचे की १००, ३००, ५०० च? मीटर मध्येच बदलला तर? महिन्याच्या मधल्या तारखेपासून नवे दर लागू झाले तर? यांची उत्तरं कोडमध्ये शोधू नयेत. कोड काय करतो ते कोड सांगेल, काय करायला हवं ते सांगणार नाही. टेस्टरने आदेशाचा मजकूर हातात घेऊन व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाकडे जायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. कितीतरी बग असे प्रश्न विचारतानाच सापडतात, एकही चाचणी चालवण्याआधी.

याच कारणाने एआयकडून चाचण्या लिहून घेण्याबद्दल मला काळजी वाटते. कोड दिला आणि ‘याच्या चाचण्या लिही’ म्हटलं, की अपेक्षित उत्तर बहुतेक वेळा त्याच कोडवरून येतं. १०० च्या जागी १०१ असेल तर चाचणीतही १०१ बरोबर ठरतं आणि बगला पहारेकरी मिळतो. तेच साधन दरपत्रकाचा मजकूर देऊन, कोड न दाखवता वापरलं तर उपयोगी पडतं. फरक अपेक्षित उत्तर कुठून येतं याचा आहे.

उत्तर ठाऊक नसतानाही तपासता येतं. टी. वाय. चेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मेटामॉर्फिक टेस्टिंग मांडलं. एका उत्तराबद्दल बोलता येत नसेल तर दोन उत्तरांमधल्या नात्याबद्दल बोला. एक युनिट वाढलं तर बिल कमी होता कामा नये. एका युनिटाने बिल वाढलंच तर सर्वांत महाग दरापेक्षा जास्त वाढू नये. २००० साली क्लासेन आणि ह्यूज यांनी हॅस्केल भाषेसाठी क्विकचेक बनवलं, ते अशा गुणधर्मांवरच चालतं. गुणधर्म तुम्ही सांगायचा, इनपुट यंत्राने शेकड्यांनी तयार करायचे, आणि एखादा फेल झाला की सर्वांत लहान उदाहरणापर्यंत घटवून आपल्या पुढ्यात ठेवायचा. पायथनला हायपोथिसिस आहे, जावाला जेक्विक आहे.

पाऊलवाट यांच्या दिल्लीच्या उदाहरणात मात्र दुसरा गुणधर्म मोडतो आणि तो मोडणंच बरोबर आहे. म्हणजे गुणधर्मही नियमांतून यायला हवेत, आपल्या अंदाजातून नव्हे.

कोकणकडा

मी मॅन्युअल टेस्टर आहे आणि अशा चर्चांमध्ये आमचं काम ‘ऑटोमेशन होईपर्यंतची सोय’ म्हणून धरलं जातं. म्हणून थेराक-२५ बद्दल लिहिते.

कर्करोगाच्या उपचाराचं किरणोत्सार देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयानक जास्त मात्रा मिळाली आणि काहींचा जीव गेला. १९८६ साली टेक्सासमधल्या टायलरला दोन अपघात झाले. यंत्राने ‘मालफंक्शन ५४’ एवढंच दाखवलं. कंपनीच्या अभियंत्यांना तो बिघाड पुन्हा घडवता येईना. तो घडवला रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी, दोघांनी शेजारी बसून, पुन्हा पुन्हा तेच टाइप करून. बाईंचा हात सरावलेला होता. एक्स-रेचं अक्षर चुकून पडलं की त्या वर जाऊन इलेक्ट्रॉनचं अक्षर टाकत आणि झपाट्याने खाली येत. चुंबकं जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागायची आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरचा एक भाग पाहतच नव्हता. सावकाश टाइप करणाऱ्याला बग दिसायचा नाही.

आधीच्या थेराक-२० मध्येही हीच चूक होती. तिथे विद्युत-यांत्रिक अडसर होते, त्यामुळे शिकाऊ मुलांच्या हातून फार तर फ्यूज उडायचा. थेराक-२५ मध्ये ते अडसर काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला.

रोज यंत्र वापरणाऱ्या माणसाचा वेग, तिची सवय, चूक सुधारण्याची तिची पद्धत, हे कोणत्याही आवश्यकतेच्या कागदावर नसतं. मी बँकेच्या काउंटरवरच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते तेव्हा आधी तिथे जाऊन बसते आणि कॅशियर काय करतात ते पाहते. दोन खिडक्या एकाच वेळी उघडतात. एंटर दोनदा मारतात. फोन आला की अर्ध्यातून उठून जातात आणि सेशन संपल्यावर परत येतात. तिथे बसून पाहिल्याशिवाय या गोष्टी चाचणीच्या यादीत येतच नाहीत.

सह्यकडा

कोकणकडा, हा प्रतिसाद टीममधल्या सगळ्यांना वाचायला देणार आहे.

तुमच्या मुद्द्याला जोडूनच आणखी एक. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर वादळी रात्री फोनलाइनवरून संगणकाशी जोडलेले होते. लाइनवरच्या खरखरीने मध्येच भलती अक्षरं घुसायची आणि युनिक्सचे रोजच्या वापरातले प्रोग्राम कोसळायचे. त्यांनी विद्यार्थ्यांना तेच मुद्दाम करायला लावलं: वाट्टेल ती अक्षरं प्रोग्रामला द्या. १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तपासलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम कोसळले किंवा अडकले होते. आजचं फझिंग तिथून सुरू झालं. तिथे ओरॅकल अगदी ढोबळ असतो, ‘कोसळू नये’ एवढाच, तरी त्याने आजवर सुरक्षेची असंख्य भोकं शोधून दिली आहेत.

अनुस्वार

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, मराठी मजकुराची चाचणी. आपल्याच अ‍ॅपांमध्ये याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि त्याचा त्रास ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना होतो, म्हणून पोटतिडकीने लिहिते.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. डोळ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात, त्याचे दहा संकेत होतात, कारण काना, मात्रा आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे ३० बाइट. डेटाबेसमधला रकाना २० बाइटांचा असेल तर नाव मध्येच तुटतं, कधी एका संकेताच्या बाइटांमध्येच तुटून शेवटी चौकोन येतो. इंग्रजी नावांनी चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत १६० अक्षरांचा एक संदेश, देवनागरी असेल तर मर्यादा ७० संकेतांची, आणि लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द सरकारी अर्जांत सगळीकडे असतो. त्यातला ‘ऱ्या’ टाइप करण्याच्या निदान तीन रीती आहेत: ऱ हा स्वतंत्र संकेत, किंवा र खाली नुक्ता (टिंब), किंवा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही बहुतेक फाँटांत सारखे दिसतात. युनिकोड नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या संकेतांनी लिहिलेलं एकच अक्षर एका रूपात आणणं) लावलं तर पहिल्या दोन एक होतात, तिसरी वेगळीच राहते. म्हणून एका कीबोर्डवरून नोंदवलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर ‘नोंद सापडली नाही’ असं येतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, आपलं नाव यादीतून गेलं.

वर्णक्रमाचं सांगायचं तर युनिकोडच्या क्रमाने लावलं की ळ लगेच ल नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर.

आणि हे फक्त लहान अ‍ॅपांत घडतं असं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोनवरची अ‍ॅपं धडाधड बंद पडायची, संदेश नुसता दिसला तरी. देवनागरी आणि बंगालीतल्या काही जोडण्यांनीही तेच होत होतं. अ‍ॅपलला तातडीने नवी आवृत्ती काढावी लागली.

माझा आग्रह इतकाच: टेस्ट डेटात पहिल्या दिवसापासून ज्ञानेश्वर, शेतकऱ्यांना, कृष्णा, ऱ्हस्व-दीर्घ असलेली आडनावं, १,००,००० असे लाखातले स्वल्पविराम, सगळं घाला. नंतर घालू म्हटलं की ते राहतंच.

दूरदेशी

मी लंडनला असते, टीमचा अर्धा भाग पुण्यात. लहरी चाचण्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कोड न बदलता कधी पास, कधी फेल. गूगलने २०१६ साली सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडाफार लहरीपणा आहे, म्हणजे हा अडाणी टीमचा आजार नाही.

आमच्याकडे नेहमी दिसणारा प्रकार भारतीय वेळेचा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), ग्राहक साडेपाच तास पुढे. भारतात मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरवर अजून कालची तारीख असते. दिवसा चालवलेली चाचणी पास, रात्रीच्या बिल्डमध्ये तीच फेल. लोक ‘पुन्हा चालव, पास होईल’ म्हणतात आणि ती सकाळी होतेही. पण १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता केलेला व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात पडतो, तो खरा बग आहे आणि ती चाचणी तेच ओरडून सांगत होती. उपाय: घड्याळ बाहेरून देता येईल असा कोड लिहा आणि चाचणीत मुद्दाम यूटीसी १८:२९ आणि १८:३० अशा दोन्ही वेळा द्या.

घाटमाथा

अपेक्षेपेक्षा कितीतरी समृद्ध चर्चा झाली. पाऊलवाट, एक व्यावहारिक शंका. म्यूटेशन टेस्टिंग पटलं, पण आमच्या कोडबेसवर हजारो म्यूटंट होतील आणि प्रत्येकासाठी सगळ्या चाचण्या. रात्रभरातही संपणार नाही. तुम्ही कसं करता?

पाऊलवाट

सगळ्या कोडवर चालवायचंच नाही. साधनं तयार आहेत: जावासाठी पीआयटी, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्यूटमट. पीआयटी आधी कव्हरेज मोजून ठेवतं आणि त्या ओळीतून जाणाऱ्याच चाचण्या चालवतं, त्यामुळे वेळ बराच वाचतो. आम्ही फक्त त्या दिवशी बदललेल्या फाइलींवर आणि पैशांचं गणित असलेल्या पॅकेजवर लावतो. लॉग लिहिणाऱ्या ओळी, गेटर-सेटर (नुसतं मूल्य वाचणारी-ठेवणारी फंक्शनं), स्क्रीनवरचा मजकूर यांना वगळतो.

जिवंत म्यूटंटची यादी व्यवस्थापनाच्या डॅशबोर्डवर जाऊ देत नाही. ती कोड रिव्ह्यूत, त्या ओळीशेजारी दिसते. लिहिणाऱ्याने तीनपैकी एक करायचं: चाचणी वाढवायची, समतुल्य आहे असं कारणासकट लिहायचं, किंवा ती अटच काढून टाकायची. तिसरा पर्याय नव्या मुलांना सुचत नाही, पण अट काढूनही काहीच बिघडत नसेल तर ती कशासाठी आहे हे विचारायला हवं. सुरुवात तुमच्या वीजबिलासारख्या एकाच छोट्या फाइलीपासून करा, टीमला सोबत बसवून. पहिला जिवंत म्यूटंट पडद्यावर दिसला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.